आमची वाटचाल: साताऱ्यातून सांभाळलेली गाणी

२०२० च्या लॉकडाउनमध्ये पुण्यातली भाड्याची खोली सोडून मी साताऱ्याला घरी आले. सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होते, काम लॅपटॉपवरच चालायचं. कल्याणचा माझा मावसभाऊ रॅप करतो. कपाटाच्या दारांवर गोधड्या टांगून, आत तोंड घालून तो आवाज रेकॉर्ड करायचा. त्याचं एक गाणं आठ महिने रखडलं होतं. बीट, म्हणजे शब्दांमागचं संगीत, एकाकडे, आवाज आणि संगीत जुळवायचं मिक्सिंग दुसऱ्याकडे, कव्हरचं चित्र तिसऱ्याकडे. "ताई, तू ऑफिसात हेच बघतेस ना?" म्हणाला. मी एका शीटवर प्रत्येकाचं काम आणि तारीख मांडली. पाच आठवड्यांत गाणं बाहेर पडलं.

मग त्याचे मित्र आले, मित्रांचे मित्र आले. नोकरी सोडली. आज गाणी अशी वेळेत बाहेर काढायचं काम करणाऱ्या आम्ही तिघी आहोत, तीन गावांत. गाण्यामागे ठरलेली फी घेतो, रॉयल्टीत वाटा मागत नाही. पुण्याचा रॅपर एमसी स्टॅन २०२३ मध्ये 'बिग बॉस' जिंकला, तेव्हापासून पोरांच्या घरच्यांशी बोलणं सोपं झालं.

पहिल्याच वर्षी मोठा फटका बसला. एका मुलाने नेटवरून बीट भाड्याने घेतलं होतं. परवाना ठरावीक स्ट्रीमपुरताच, म्हणजे नेटवर गाणं ठरावीक वेळा वाजेपर्यंतच, होता आणि तो मी नीट वाचला नव्हता. गाणं चाललं, मर्यादा ओलांडली, गाणं उतरवावं लागलं. त्याच्या आईने ते शेजारणींना ऐकवायला ठेवलं होतं. त्या दिवशी त्याला फोन लावताना माझा हात थरथरत होता.

तेव्हापासून बीटचा कागद मी स्वतः वाचते. स्प्लिट शीट भरल्याशिवाय रेकॉर्डिंगची तारीख देत नाही: शब्द कुणाचे, बीट कुणाचं, कुणाला किती टक्के, बेरीज १००. "दोस्तीत कागद कशाला?" असं पोरं विचारतात. दोस्ती टिकावी म्हणूनच, हे मला मनापासून वाटतं. आम्ही एकमेकांसमोर बसत नाही, त्यामुळे फोनवर ठरलेलंही त्याच दिवशी लिहून सगळ्यांना पाठवतो.

स्पॉटिफायच्या प्लेलिस्टसाठी गाणं किमान ७ दिवस आधी सुचवावं लागतं. आम्ही चार आठवडे आधीच फाइल चढवतो. २०१५ पासून जगभर नवी गाणी शुक्रवारी येतात, म्हणून आमची जाग गुरुवारी रात्री.

ते उतरवलेलं गाणं गेल्या वर्षी नव्या बीटवर पुन्हा आणलं. बारा वाजून चार मिनिटांनी त्याचा व्हॉइस मेसेज आला. गाणं वाजत होतं आणि मागून आई म्हणत होती, "आवाज वाढव की."