आईवर कसलं संशोधन?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी स्त्री-अभ्यास शिकवते आणि पुस्तकं, सिनेमे, मालिका यांतल्या आईवर संशोधन करते, हे कळलं की लग्नाच्या पंगतीपासून दादरच्या प्लॅटफॉर्मपर्यंत हाच प्रश्न येतो. पाठोपाठ, "आई ती आई!"

पण हे म्हणतं कोण? साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. आचार्य अत्र्यांनी तिच्यावर चित्रपट काढला आणि १९५४ साली त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. ते पुस्तक शिकवताना आजही माझा गळा दाटून येतो. तरीही ती आई आपल्याला भेटते ती मुलाच्या आठवणीतून. पुढच्याच वर्षी, १९३४ साली, लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग आला. इथे बाई स्वतः बोलते. संसार, मुलं, नवऱ्याचा, म्हणजे कवी ना. वा. टिळकांचा, तऱ्हेवाईकपणा, सगळं आपल्या तोंडाने सांगते, रागावते, हसते. मी ही दोन्ही पुस्तकं वर्गात लागोपाठ वाचायला देते. मग कुणीतरी विचारतंच, "मॅडम, श्यामच्या आईला स्वतःसाठी काय हवं होतं?" माझ्या मते त्या तासातला सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच.

मालिकांमधल्या आईला तो सहसा कुणी विचारत नाही. ती डबे भरते, ऐकून घेते, माफ करते. (अनेक बायकांना ती मनापासून आवडते. त्या आवडीला नाक मुरडून हा अभ्यास करता येत नाही.)

आणि हे पडद्यापुरतं राहत नाही. प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची झाली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय सक्तीची झाली. पण चार घरची पोळी-भाजी करायला पहाटेच्या लोकलने येणाऱ्या बाईला यातलं काय मिळतं? तिचं तान्हं शेजारणीकडे, नाहीतर थोरल्या लेकीच्या कडेवर, आणि त्या लेकीची शाळा बुडते. नोकरदार बाईनेसुद्धा पाळणाघराचा विषय काढला की तिला ऐकावं लागतं, "आमच्या आईने नाही का केलं सगळं एकटीने?" हे वाक्य माणसांच्या तोंडी इतकं सहज कुठून येतं, ते मी शोधते आहे.