विसाव्या चालीला दीड मिनिट

मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की बुद्धिबळातला राजा-वजीर विरुद्ध एकटा राजा हा शेवट आता माझ्या हातात बसलाय. शनिवारी रात्री नेमका तोच शेवट हातून गेला. म्हणून ही नोंद ठरल्यापेक्षा आठवडाभर आधी.

लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर ३+० चं (प्रत्येकी तीन मिनिटं, वर काही नाही) अरीना, म्हणजे स्पर्धा होती. सलग दोन डाव जिंकल्यामुळे नावापुढे आग लागलेली, म्हणजे पुढच्या विजयाला ४ गुण. समोरच्याने बर्सर्क केलं आणि स्वतःची तीनाची दीड मिनिटं करून घेतली. डाव मी नीट जिंकत आणला. शेवटी पटावर माझा राजा ई४, वजीर जी५ आणि त्याचा एकटा राजा एच७. माझ्याकडे ५.८ सेकंद. दीड मिनिटावर खेळणाऱ्या त्याच्याकडे १४.

घोड्याच्या अंतराची युक्ती तुम्हाला माहीत आहेच. वजीर त्याच्या राजापासून घोड्याच्या एका उडीवर ठेवायचा आणि राजा ज्या दिशेला सरकेल त्याच दिशेला वजीर सरकवायचा. मी ती प्रीमूव्हने, म्हणजे समोरच्याची चाल व्हायच्या आधीच आपली लावून ठेवून करत होते. त्याचा राजा एच७ वरून फक्त एच८ लाच जाऊ शकत होता, आणि मी प्रीमूव्ह लावून बसले होते वजीर जी६. राजा कोपऱ्यात गेला, वजीर आपोआप जी६ ला गेला, स्टेलमेट: शह नाही, पण त्याला चालही नाही, म्हणजे बरोबरी. चाराऐवजी दोन गुण आणि आग विझली.

ही युक्ती कोपऱ्यापाशी थांबवायची असते, हे मला माहीत होतं. पण त्याहून मोठी गोष्ट रविवारी सकाळी चहा पिताना पट मांडून बघितल्यावर कळली. वजीर जी५ वर असताना तो राजा एच७-एच८ या दोन घरांतच फिरू शकतो, तिसरं घरच नाही. म्हणजे वजिराला हात न लावता माझा राजा ई५, ई६, एफ७ असा चालवायचा, आणि मग वजीर जी७, मात. मी दोन्ही बाजूंनी तपासलं. राजा एफ७ ला पोचेल तेव्हा त्याचा राजा एच७ वर असो की एच८ वर, जी७ ला मात होतेच. चारही चाली डोळे मिटून प्रीमूव्ह करता येतात, आणि लिचेसवर प्रीमूव्हला वेळ शून्य लागतो. (चेस डॉट कॉमवर दर प्रीमूव्हला ०.१ सेकंद जातो, तरी चाली चारच.) ५.८ सेकंदांतले पाच तरी उरले असते. तेव्हापासून हा शेवट मी रोज दहा वेळा करते: राजा कडेच्या दोन घरांत कोंडायचा, मग वजीर सोडून द्यायचा. करून बघा, हाताला फार गोड लागतो.

पण पट आवरताना सासरे म्हणाले (मी त्यांना बाबाच म्हणते), “अगं, ते सगळं ठीक. पण वजिराने पुढे असताना तुझ्याकडे पाचच सेकंद का होते?”

खरा प्रश्न तोच आहे, आणि गेले चार महिने तो मला सोडत नाहीये. त्या डावाचा हिशेब देते. पहिल्या दहा चालींना १४ सेकंद. अकरा ते वीस, ८१ सेकंद. एकवीस ते तीस, ४८. एकतीस ते चाळीस, २४. चाळिसाव्या चालीनंतरच्या सगळ्या खेळाला उरले १३. जुन्या वाचकांना हा मधला फुगवटा ओळखीचा आहे. जानेवारीत मी तो ओपनिंग (डावाची सुरुवात) कच्ची असल्याचा परिणाम समजले आणि लंडन नावाच्या ओपनिंगच्या फांद्या पाठ केल्या. फुगवटा अकराव्या चालीवरून तेराव्यावर सरकला, कमी झाला नाही. मग वाटलं डावपेच दिसायला वेळ लागतोय, म्हणून पझल स्टॉर्म (घड्याळाविरुद्ध कोडी सोडवायचा सराव) धरलं. दोन महिन्यांत स्टॉर्मचा आकडा चांगला वाढला, ब्लिट्झ (झटपट डावांचं) रेटिंग मात्र १७०० च्या आसपासच घुटमळत राहिलं. याचं मला खरंच वाईट वाटत होतं, कारण रोज रात्री स्वयंपाकघर आवरून झाल्यावरचा अर्धा तास मी त्याला दिला होता.

रविवारी दुपारी मग सगळं बाजूला ठेवून एकच काम केलं. वेळेवर गमावलेले किंवा वेळेअभावी बरोबरीत सुटलेले शेवटचे ३० डाव उघडले, चालींच्या वेळेचा आलेख लावला, आणि १० सेकंदांहून जास्त वेळ घेतलेली प्रत्येक चाल वहीत उतरवली. ७१ निघाल्या. मग प्रत्येक ठिकाणी स्टॉकफिश या बुद्धिबळाच्या संगणक-इंजिनाची पहिली आणि दुसरी पसंती बघितली. ७१ पैकी ४९ ठिकाणी त्या दोन चालींमधला फरक पाव प्याद्याहून कमी होता.

वही तशीच पुढ्यात ठेवून मी बराच वेळ बसले होते. जिथे चाल चुकली तर डाव जातो, तिथे मी फार वेळ लावतच नाही. तिथे भीतीने म्हणा, सवयीने म्हणा, डोळे लवकर चालतात. माझा वेळ जातो तो दोन्ही चाली बऱ्या असतात तिथे. आणि स्टॉर्म का उपयोगी पडलं नाही, तेही तिथेच कळलं. कोड्यात एकच उत्तर बरोबर असतं आणि ते आहे हे आधीच माहीत असतं. एकच उत्तर नसलेल्या जागी काय करायचं, याचा सराव मी कधी केलाच नव्हता.

त्या ४९ मधली सगळ्यात जास्त वेळा आलेली जागा म्हणजे हत्ती. डी-फाइल (डी चा उभा रकाना) उघडली, दोन्ही हत्ती मोकळे, आणि डी१ वर कुठला आणायचा, ए१ चा की एफ१ चा? शनिवारच्याच डावात चौदाव्या चालीला मी यावर १९ सेकंद घालवले. रेकॉर्डिंग बघितलं तर कर्सर ए१ च्या हत्तीवर जातो, थांबतो, एफ१ च्या हत्तीवर जातो, तो उचलतो, परत ठेवतो, पुन्हा ए१. तीन फेऱ्या. शेवटी एफचा हत्ती आणला. स्टॉकफिशला दोन्ही सारखेच होते.

बाबांना दाखवलं. ते म्हणाले, “दोघांनाही घर मिळणारच आहे ना? मग एकाला आधी उठव की.”

त्याच संध्याकाळी आम्ही कमाटीबागेत बाकावर पट घेऊन बसलो. बाबांकडचं घड्याळ जुनं चावीचं आहे, काटा वर चढतो आणि झेंडा पडतो. ज्यांनी डिजिटल घड्याळावरच सुरुवात केली त्यांनी एकदा तरी यावर खेळून बघावं. उरलेले सेकंद मोजता येत नाहीत, नुसता झेंडा उचलला जाताना दिसतो, आणि माणूस आपोआप लवकर हात चालवतो. आम्ही पाच मिनिटांचे डाव खेळलो आणि बाबांनी एकच अट घातली: हात सोंगटीला लागला की तीच चालायची, आणि ज्या हाताने चालली त्याच हाताने घड्याळ दाबायचं. पटावर हा नियमच आहे. स्क्रीनवर मात्र सोंगटी उचलून परत ठेवायची मुभा असते आणि मला तिची वाईट सवय लागली होती. चार डावांत बाबांनी मला तीनदा हरवलं, पण चारही डावांत झेंडा त्यांचा आधी पडायच्या बेतात होता. माझ्याबाबतीत असं याआधी कधी झालं नव्हतं.

घरी येऊन सेटिंग बदलली. ओढून चाल करणं बंद, दोन क्लिकची चाल सुरू. ओढताना सोंगटी हवेत धरून विचार करता येतो, दोन क्लिकमध्ये तो मोह कमी होतो. ॲनिमेशनही बंद केलं. माऊसबद्दल विचारणाऱ्यांसाठी: गेल्या वर्षी एका दुकानदाराने ‘गेमिंग’ म्हणून गळ्यात मारलेला बिनतारी माऊस तीन महिन्यांत डबल क्लिक करायला लागला आणि त्याने परत घेतला नाही. आता लॉजिटेकचा तारेचा बी१०० वापरते, त्याची एकदाही तक्रार नाही. पैसे घालायचेच असतील तर पॅडमध्ये घाला. टेबलाच्या काचेवर कर्सर उड्या मारतो आणि आपण तो लॅग समजतो. सर्व्हर फ्रान्समध्ये आहे हे खरं, पण लिचेस लॅगची बरीचशी भरपाई घड्याळात देतं.

इथपर्यंत लिहिताना माझा बेत असा होता की महिनाभर ३+० सोडून ३+२ खेळायचं. इन्क्रिमेंट (दर चालीला मिळणारे जादा सेकंद, इथे दोन) असलं की जिंकलेला शेवट वेळेवर जात नाही. माजी जगज्जेत्या बॉबी फिशरने १९८८ साली अशा घड्याळाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९९२ च्या स्पास्कीबरोबरच्या लढतीत तेच वापरलं, ते उगाच नाही. पण रविवारी रात्री हे लिहितानाच थांबून माझे जुने ३+२ चे २० डाव उघडले. फुगवटा तिथे आणखी मोठा आहे! दोन सेकंद मिळणार या भरवशावर मी मध्यात जास्तच रेंगाळते आणि पुढचा सगळा डाव दहा सेकंदांच्या आत तग धरून खेळते. म्हणजे ३+२ ने दुखणं झाकलं जाईल, बरं होणार नाही. बेत रद्द. ३+० च खेळणार, आणि एकच खूण धरणार: विसाव्या चालीला घड्याळात दीड मिनिट असलंच पाहिजे. डाव हरला तरी चालेल, ही खूण चुकता कामा नये. वहीत विजय-पराजय लिहिणं या महिन्यात बंद, फक्त विसाव्या चालीचा वेळ.

सोमवार ते गुरुवार ३२ डाव झाले. पहिल्या आठांत खूण दोनदा जमली, शेवटच्या आठांत सहादा. रेटिंग ३० ने खाली आलंय आणि मला त्याचं काहीच वाटत नाहीये. काही चाली घाईच्या होतात, एकदा तर उंट फुकट दिला. पण गुरुवारी एका डावात विसाव्या चालीला १:३८ होते आणि शेवटच्या हत्तींच्या झगड्यात माझ्याकडे ४१ सेकंद. हत्तींच्या शेवटात ४१ सेकंद! मी चक्क पूल बांधला (हत्तीच्या आडोशाने प्यादं पुढे न्यायची लुसेना नावाची रीत), अगदी पुस्तकातल्यासारखा, आणि प्यादं वजीर झालं तेव्हा २६ शिल्लक होते. भाचा बाजूला अभ्यास करत होता, त्याला ओढून दाखवलं. तो म्हणतो ब्लिट्झ लहान मुलांचा खेळ आहे. आनंदने २०१७ साली रियाधला ४८ व्या वर्षी जागतिक रॅपिड जिंकलं हे मी त्याला पुन्हा सांगितलं.

आणखी एक विचार कालपासून डोक्यात आहे. नियम करून निवड कमी करता येत असेल, तर ओपनिंगच अशी का घेऊ नये जिच्यात हत्तीचं घर आधीच ठरलेलं असतं? वजीराच्या गॅम्बिटचं एक्स्चेंज: सी प्यादं डी५ वर घेतलं की कार्ल्सबाड ही प्याद्यांची रचना. मग ए१ चा हत्ती बी१ ला, बी४, ए४, बी५. या मायनॉरिटी हल्ल्यात (कमी प्याद्यांनी जास्त प्याद्यांवर चढाई) हत्तीबद्दल प्रश्नच उरत नाही. लंडनमध्ये पहिल्या आठ चाली फुकट मिळतात, पण नेमक्या चौदाव्या चालीला आपण उघड्यावर येतो. चार महिने पाठ केलेलं लंडन सोडायचं जिवावर येतंय, तरी मी वळणार आहे.

अडचण एकच दिसतेय. घोडा सी३, घोडा एफ६, मग घेवाण, उंट जी५, सी६, आणि इथे मी ई३ खेळले तर काळा खेळाडू त्याचा उंट एफ५ ला आणतो. त्यावर वजीर एफ३, उंट जी६, मग एफ६ वर घेवाण आणि वजिरांची अदलाबदल, त्याची प्यादी मोडतात. की ई३ च्या आधीच वजीर सी२ ला ठेवून एफ५ बंद करायचं? म्हणजे इथे पुन्हा दोन बऱ्या चाली आल्या. मी वजीर सी२ धरतेय, कारण वजीर पटावर राहतात आणि बी१-बी४-बी५ चा बेत तसाच चालतो. ३+० मध्ये कुणी वजीर एफ३ वालं खेळत असेल तर विसाव्या चालीला तुमच्याकडे किती वेळ उरतो ते नक्की कळवा. आज साडेनऊला मी बसतेय.