पळपुटा समुराय

मागच्या आठवड्यात पावसाने ट्रेन बंद, ऑफिसचा मेसेज आला घरूनच करा, आणि बारापर्यंत काम उरकलं पण. भाचा दोन महिने मागे लागलेला, मामा 'द इल्युसिव्ह सामुराई' ही जपानी अ‍ॅनिमे सिरीज बघ ना, म्हटलं एक एपिसोड लावतो म्हणजे याची कटकट तरी थांबेल. कारण समुराय म्हटलं की तेच ते ना, भुवया आवळलेला माणूस, उडणारी फुलं, इज्जत गेली की पोटात खुपसली तलवार. मला बोअर होतं.

इथे हिरो आठ वर्षांचा आणि त्याला येतं काय तर पळणं आणि लपणं. बास! तोकियुकी होजो, खराखुरा इतिहासातला पोरगा आहे हा, १३३३ मध्ये आशिकागा ताकाउजी उलटला, म्हणजे होजोंच्याच भरवशाचा सरदार, आणि कामाकुरा शहरातली त्यांची सत्ता कोसळली, घरातले गेले, हा उरला. मग योरिशिगे नावाचा पुजारी, अर्धा देवमाणूस अर्धा भोंदू, या पोराला कड्यावरून सरळ शत्रूच्या घोळक्यात ढकलतो! आणि पोरगं तलवारी अशा चुकवतं ना, संध्याकाळी सातला दादरच्या ब्रिजवर समोरून लोंढा येत असताना कुणाचा खांदा न लागू देता निघणारा माणूस आठवा, तसं. वर गाल लाल, चेहऱ्यावर चक्क मजा. तो सीन मी तीनदा बघितला.

आपल्याकडे पळपुटा म्हणजे दुसरा बाजीराव, विषय संपला. पण आग्र्याहून निसटले त्यांना कोण पळपुटा म्हणतं? परत येऊन काय केलं ते बघतात लोक. हा पण १३३५ ला परत आला, कामाकुरा जिंकलं, जेमतेम वीसेक दिवस टिकलं म्हणा.

२०२४ ची सिरीज, क्लोव्हरवर्क्स स्टुडिओची, पहिला सीझन १२ भागांचा. रंग कसले भारी आहेत! फक्त रक्ताच्या सीनमध्ये मध्येच फालतू जोक टाकतात ते डोक्यात जातं, आणि शत्रूकडच्या त्या सादामुने नावाच्या सरदाराचे बाहेर आलेले डोळे, जेवताना बघू नका.

आई शेजारी मेथी निवडत होती, "हे कार्टून कसलं लावलंयस" म्हणाली आणि मग निवडलेल्या पानांतच देठं टाकायला लागली. भाजी फोडणीला टाकून आतून ओरडली, "काय रे, पकडलं का त्या पोराला?"

मी तोवर विकिपीडिया वाचून बसलेलो. १३५३ ला पकडून मारलं त्याला.

"नाही गं, पळाला," म्हटलं.