पणजीचं नाव भिमी

मोडी वाचण्याच्या कामात लोक माझ्याकडे हमखास एक मागणी घेऊन येतात: जुन्या जनगणनेत आमचं आडनाव शोधून द्या. बेलापूर पट्टीतल्या एका गावच्या ताईही १९२१ ची जनगणना मागायलाच ठाण्याला, कोर्ट नाक्यावर आल्या होत्या. जनगणनेच्या छापील अहवालांत जाती, धंदे आणि आकडे सापडतात. घरोघरची नावं त्यात नसतात. पुढे १९४८ च्या जनगणना कायद्याने तर ज्याची त्याची माहिती गुप्तच ठेवली.

ताईंची अडचण खरी होती. आजोबा म्हात्रे, त्यांचे थोरले भाऊ पाटील. सिडकोने जमीन घेतली तेव्हा सातबाऱ्यावर थोरल्याचंच नाव होतं, एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून. आता घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात सिडकोकडून मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाला वारस लावताना हरकत आली, की आडनाव जुळत नाही, मग तुम्ही या घरातल्या कशा?

मी म्हटलं, "ताई, आडनाव बाजूला ठेवा. बापाचं नाव आणि जमीन धरून मागे जाऊ." जुन्या दप्तरात माणूस बहुधा बापाच्या नावानेच ओळखला जातो, आडनावं बरीच नंतर चिकटली. थोरल्याकडे गावची पोलीस पाटीलकी होती, तो पाटील झाला.

सातबाऱ्यावरच्या वर्तुळातल्या फेरफार क्रमांकांवरून एकेक नोंद मागे काढत गेलो. शेवटची वही मोडीत होती. आधी ओढलेली रेघ, तिला लोंबणारी अक्षरं, शब्दाशब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. अशा पानावर घाई करून चालत नाही. १९१९ ची नोंद हळूहळू उलगडली: पदू बिन हाशा मयत, वारस मुलगे गणू व नामा, दोघेही अज्ञान, अ.पा.क. आई भिमी कोम पदू. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको, 'अज्ञान' म्हणजे वयात न आलेले आणि अ.पा.क. म्हणजे अज्ञानांचा पालनकर्ता.

ताईंच्या आजोबांच्या मृत्यूच्या दाखल्यावर नामा पदू म्हात्रे, सातबाऱ्यावर गणू पदू पाटील. दोघे इथे एकाच आईच्या पदराखाली होते.

मग गाव नमुना १४ मधला, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतला, पदूचा मृत्यू पाहिला. ऑक्टोबर १९१८. कारणाच्या रकान्यात 'ताप'. वरच्या ओळीतही ताप, खालच्याही, पान उलटलं तरी ताप. इन्फ्लुएंझाची ती साथ. १९११ ला सुमारे २५.२१ कोटी असलेली देशाची लोकसंख्या १९२१ ला २५.१३ कोटींवर आली, हे मी कितीदा तरी वाचलं होतं. पण कोतवालाने सांगितलेली ती नावं ओळीने वाचताना माझा आवाज बसला.

ताईंनी विचारलं, "दादा, भिमी कुठं लिहिलंय?" मी बोट ठेवलं. पणजीचं नाव त्यांच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

दोन्ही नोंदींच्या नकलांचे अर्ज त्याच दिवशी भरले, लिप्यंतरावर मी सही-शिक्का दिला. वकिलांनी वंशावळ पदूपासून सुरू केली होती. ताईंनी त्यांना पुन्हा लिहायला लावली आणि पदूशेजारी भिमीचं नाव घालून घेतलं.