तुम्ही विचारलंत म्हणून : टी. आर. ६चे मागचे शाफ्ट

ट्रायम्फ टी. आर. ६ या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या इंजिनाची ताकद वाढवायची असेल, तर मागचे ड्राइव्हशाफ्ट, म्हणजे ती ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारे दांडे, बदलावे लागतात का आणि बदलायचे झाल्यास कोणते घ्यावेत, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. कॉव्हेंट्रीच्या आसपास जुन्या ब्रिटिश गाड्यांवर काम करत असल्यामुळे विचारणाऱ्यांत इथले मालक असतात, तसे वाहन उद्योगातल्या नोकरीसाठी पुण्याहून इकडे आलेले आणि हौसेने अशी गाडी घेतलेले मराठी अभियंतेही असतात. शाफ्ट बदलावेत असेच माझे मत आहे, मात्र त्याचे कारण बहुतेकांच्या मनात असते ते नाही. शिवाय खर्च करायचाच असेल, तर तो शाफ्टच्या आधी दुसऱ्या एका भागावर करावा, असे मी आग्रहाने सांगतो.

या गाडीची मागची मांडणी १९६५च्या टी. आर. ४ए या गाडीपासून चालत आलेली आहे. डिफरन्शियल (इंजिनाची ताकद दोन्ही मागच्या चाकांत वाटणारी गिअरपेटी) चासीला बोल्टांनी जखडलेले असते, दोन्ही मागची चाके ॲल्युमिनियमच्या ओतीव ट्रेलिंग आर्मवर, म्हणजे चासीला बिजागरीसारख्या जोडलेल्या हातांवर, स्वतंत्रपणे वरखाली होतात आणि डिफरन्शियलपासून चाकापर्यंत प्रत्येक बाजूला एक आखूड शाफ्ट जातो. शाफ्टच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे आपल्या गॅरेजांतल्या भाषेत क्रॉस, असतात. चाक वरखाली होताना शाफ्टची लांबी कमीजास्त व्हावी म्हणून मध्ये एकात एक सरकणारे स्प्लाइन, म्हणजे लांबीभर दाते आणि खाचा असलेले भाग, असतात. टी. आर. ४एचे इंजिन सुमारे १०४ अश्वशक्तीचे होते. १९६७च्या टी. आर. ५मध्ये आणि त्यानंतरच्या टी. आर. ६मध्ये २४९८ सीसीचे, ल्यूकसच्या फ्युएल इंजेक्शनचे, १५० अश्वशक्तीचे इंजिन आले आणि मागची मांडणी मूळ स्वरूपात तशीच राहिली. ताकद वाढवण्याचा पहिला प्रयोग, असे म्हणता येईल, कारखान्यानेच केला होता.

शाफ्ट तुटेल का, हा प्रश्न अश्वशक्तीचा नसून टॉर्कचा, म्हणजे पिळाच्या जोराचा, आहे, आणि तो आकड्यांनीच सोडवावा. इंजेक्शनवाल्या इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्क सुमारे २२० न्यूटन-मीटर असतो. पहिल्या गिअरचे ३.१४ आणि डिफरन्शियलचे ३.४५ हे गुणोत्तर धरले, तर दोन्ही शाफ्टवर मिळून सुमारे २४०० आणि प्रत्येकावर सुमारे १२०० न्यूटन-मीटर पीळ येऊ शकतो. मात्र तेवढा पीळ शाफ्टवर यायचा, तर टायरने रस्ता तितका घट्ट धरला पाहिजे. जोरात गाडी काढताना मागच्या चाकांवर ६५० किलो भार आला, जुन्या वळणाच्या अरुंद टायरची पकड ०.८ आणि चाकाची त्रिज्या ३१ सेंटिमीटर मानली, तर प्रत्येक शाफ्टवर ८०० न्यूटन-मीटरच्या आसपासच टायर घसरू लागतो. याचा अर्थ असा की, तेच अरुंद टायर ठेवून इंजिन २०० अश्वशक्तीपर्यंत नेले तरी पहिल्या गिअरमध्ये शाफ्टवरचा सलग भार फारसा वाढत नाही. रुंद आणि चिकट टायर बसवले, की मात्र हा आकडा झपाट्याने वर जातो. त्यात क्लच झटक्याने सोडण्याची सवय असेल, तर फिरत्या फ्लायव्हीलचा धक्का या हिशेबाच्याही पलीकडे जातो. म्हणूनच मी विचारणाऱ्याला इंजिनाच्या आधी टायरविषयी विचारतो.

मग बदलायचे कशासाठी? खरे कारण सरकत्या स्प्लाइनमध्ये आहे. तिसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना इंजिन २०० न्यूटन-मीटर देत असेल, तर त्या गिअरचे १.३३ हे गुणोत्तर धरून प्रत्येक शाफ्टवर सुमारे ४६० न्यूटन-मीटर पीळ असतो. स्प्लाइनची सरासरी त्रिज्या १५ मिलिमीटर मानली, तर दात एकमेकांवर जवळपास ३० हजार न्यूटनांनी दाबले जातात. चांगल्या ग्रीसमुळे घर्षणांक ०.१ इतका कमी राहिला, तरी शाफ्टची लांबी बदलण्यासाठी ३००० न्यूटन, म्हणजे सुमारे ३०० किलोंचा जोर लागतो. परिणामी ॲक्सिलरेटर दाबलेला असताना शाफ्ट आहे त्या लांबीला अडकून बसतो आणि ट्रेलिंग आर्मला मोकळेपणाने हलू देत नाही. पावसाळ्यात फुगलेला लाकडी खण ओढता ओढता एकदम बाहेर यावा, तसे पाय उचलताक्षणी घडते : पीळ नाहीसा होतो, स्प्लाइन सुटतात, दबलेले सस्पेन्शन क्षणात आपली जागा घेते आणि चाकाचा कोन बदलून गाडीची मागची बाजू झटका देते. टी. आर. मालकांना हा झटका परिचयाचा आहे. टॉर्क वाढवला की तो त्याच प्रमाणात वाढतो आणि ओल्या रस्त्यावर, वळणाच्या मध्यावर, तो धोक्याचा असतो. शाफ्ट बदलण्याचे माझे मुख्य कारण हे आहे.

जुने शाफ्ट काढले की ते नीट पाहावेत, कारण ते पुष्कळ सांगतात. स्प्लाइनच्या दातांच्या एकाच बाजूला चकचकीत पट्टा दिसतो. त्या पट्ट्याच्या शेवटी नखाला पायरी लागली, तर तिथे शाफ्ट कायम अडकतो असे समजावे. क्रॉसच्या कपांच्या कडेला लालसर, बारीक भुकटी दिसली, तर आतले ग्रीस संपून सुयांचे बेअरिंग कोरडे चालले आहे. कप उघडल्यावर क्रॉसच्या दांड्यावर सुयांच्या ठशांच्या समांतर रेघा उमटलेल्या असतील, तर तो क्रॉस पुन्हा बसवू नये. शाफ्टचे दोन भाग वेगळे करण्यापूर्वी त्यांवर खूण मात्र अवश्य करावी. १० अंशांच्या कोनात फिरणारा एक क्रॉस चाकाकडची गती सुमारे दीड टक्क्याने वरखाली करतो आणि दुसरा ती सावरून घेतो. स्प्लाइन एक दात सरकवून जोडले, की हा मेळ पूर्ण जमत नाही आणि गाडी वेगात थरथरू लागते.

ज्यांची गाडी मूळ ताकदीची आहे, त्यांनी चांगल्या प्रतीचे क्रॉस घालावेत, स्प्लाइन झिजले असतील तर नवे करून घ्यावेत आणि नियमित ग्रीस द्यावे, तेवढे पुरते. ताकद वाढवणाऱ्यांनी सरळ सी. व्ही. (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी, म्हणजे एकसमान गतीच्या) जॉइंटचे शाफ्ट घ्यावेत. त्यात सहा गोळ्या भार वाटून घेतात, कोन बदलला तरी गती एकसारखी राहते आणि लांबीतला फरक गोळ्या घरंगळून भरून काढतात, त्यामुळे वर सांगितलेला अडकाव जवळजवळ नाहीसा होतो. जपानी डॅटसन ५१०ने त्या काळातच स्प्लाइनमध्ये गोळ्या घालून हा प्रश्न सोडवला होता, हे मला आजही कौतुकाचे वाटते.

आता शाफ्टच्या आधी ज्यावर खर्च करावा, तो दुसरा भाग : हब, म्हणजे चाक ज्यावर बसते तो मधला भाग. मागच्या हबचा दांडा जिथे फ्लँजला, म्हणजे चाक जोडायच्या चकतीला, मिळतो, तिथल्या गोलाईत वर्षानुवर्षांच्या वापराने बारीक चीर पडते. तो तिथे तुटला, तर चाक ब्रेक ड्रमसकट गाडीपासून वेगळे होते. शाफ्ट तुटणे आणि हब तुटणे यांत मोठा फरक आहे : पहिल्यात गाडी बहुधा रस्त्याच्या कडेला उभी करावी लागते, दुसऱ्यात गाडीवरचा ताबा जातो. ब्रिटनमध्ये मोठे बदल न केलेल्या, ४० वर्षांहून जुन्या गाड्यांना २०१८पासून वार्षिक तपासणी सक्तीची नाही, त्यामुळे ही चीर दुसरा कोणी शोधून देईल या भरवशावर राहू नये. बारीक चिरा दाखवणारी रंगद्रव्याची चाचणी करून घ्यावी किंवा चांगल्या पोलादाचे नवे हब थेट घ्यावेत. मी दुसरा मार्ग सुचवतो. जुने हब खोलण्यासाठी मोठा प्रेस लागतो आणि हातोड्याने तो प्रयत्न केला, तर धड असलेला हबही वाकतो. हब निघालेलाच असतो, तेव्हा तो ज्या सहा स्टडांनी ॲल्युमिनियमच्या आर्मला धरलेला असतो त्यांचे आटेही तपासावेत. ते सैल असतील, तर स्टील इन्सर्ट बसवून घ्यावेत. डिफरन्शियल ज्या पिनांवर टांगलेले असते, त्यांच्या मुळाशी चासीला तडे जातात. विशेषतः पुढच्या उजव्या पिनेपाशी दिवा लावून पाहावे आणि तिथे वेल्डिंग करून पत्रा भक्कम करून घ्यावा. टणक शाफ्ट बसवल्यावर धक्का पुढे सरकतो तो इथेच.

सी. व्ही. शाफ्ट बसवून झाल्यावर स्प्रिंग काढून आर्म हाताने पूर्ण वर आणि पूर्ण खाली न्यावा, प्रत्येक टोकाला चाक फिरवून पाहावे. मूळचे लिव्हर डॅम्पर (दांडीचे शॉक ॲब्सॉर्बर) काढून टेलिस्कोपिक बसवलेले असतील, तर आर्म पूर्वीपेक्षा खाली लोंबकळत नाही ना आणि जॉइंटचा कोन त्याच्या मर्यादेबाहेर जात नाही ना, हे याच वेळी कळते. जात असेल, तर खाली थांबवणारा पट्टा लावावा. आत मॉलिब्डेनमयुक्त ग्रीस भरावे, बूट, म्हणजे जॉइंटवरचे लवचीक आवरण, कुठे घासत नाही ना ते पाहावे आणि पहिल्या काही शे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासावेत.