दादा, सर्व्हर दिसतच नाहीये!

भाऊबीजेच्या रात्री फोन आला. तिकडे नाशिकला बारा वाजलेले, इकडे नॉर्वेत संध्याकाळचे साडेसात, बाहेर कधीचा अंधार पडलेला आणि मी कुकर लावत होतो. मामेभाऊ म्हणाला, "दादा, सर्व्हर चालू आहे, खालच्यांना दिसतोय, वरच्यांना दिसतच नाहीये!" मागे पोरांचा गोंगाट, मध्येच मामीचा आवाज, "अरे झोपा आता, शेजारचे ओरडतील."

गंगापूर रोडला मामाच्या बंगल्यात लॅन पार्टी चालली होती, म्हणजे आपापली मशीन एका जागी आणून, केबलने जोडून एकत्र गेम खेळायचा. खाली हॉलमध्ये आठ मशीन, वरच्या खोलीत सहा, आणि गेम काउंटर स्ट्राइक १.६, तोच २००३ चा, कारण तो कोणाच्याही जुन्या लॅपटॉपवर पळतो. एका जुन्या पीसीवर यांनी डेडिकेटेड सर्व्हर लावलेला, म्हणजे त्या मशीनवर कोणी खेळत नाही, ते फक्त गेम चालवतं. पोरांनी तोपर्यंत तीनदा रीस्टार्ट मारून झालं होतं. मी म्हटलं, अरे सर्व्हरला हात लावू नका, तो बरोबर आहे.

आमच्या वेळी कॉलेज रोडच्या कॅफेत हा प्रश्न कधी आलाच नाही. सगळे पीसी एकाच स्विचला, म्हणजे केबल जोडायच्या डब्याला, जोडलेले, गेममध्ये लॅनवरच्या सर्व्हरची लिस्ट उघडली की सर्व्हर समोर, क्लिक केलं की आत. त्यामुळे ती लिस्ट भरते कशी हे मला कित्येक वर्षं माहितीच नव्हतं, ते कळलं इथे येऊन.

जुन्या नाशिकात, तिवंध्याकडे दहीपुलाकडे, वाडे आहेत ना, तसं डोळ्यासमोर आणा. चौकात उभं राहून कोणी "पाणी आलं गं" अशी हाळी दिली की वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांना ऐकू जातं. शेजारच्या वाड्यात नाही जात, हाळी दिंडी दरवाज्याच्या आत संपते. गेम नेमकं हेच करतो. लिस्ट उघडली की तो २५५.२५५.२५५.२५५ या पत्त्यावर हाळी देतो, "कोणी सर्व्हर आहे का?" आणि सर्व्हर ओ देतो. हा झाला ब्रॉडकास्ट. सबनेट, म्हणजे नेटवर्कचा एक तुकडा, हा वाडा आणि राउटर, म्हणजे असे तुकडे जोडणारा डबा, हा दिंडी दरवाजा, तो हाळी बाहेर सोडत नाही, आणि मुद्दामच सोडत नाही, नाहीतर एका वाड्याचा गलका सगळ्या पेठेत. पण एखादा माणूस नीट पत्ता घेऊन आला तर दरवाजा त्याला अडवत नाही, बरोबर घरी पोचवतो. म्हणजे सर्व्हर दिसत नाही याचा अर्थ तो पोचत नाही असा होत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोक नेमके इथेच तासन् तास घालवतात.

इथे नॉर्वेत लॅन पार्टी हा अगदी घरचा सण आहे. दर ईस्टरला हामार गावात मोठी भरते, १९९४ च्या हिवाळी ऑलिंपिकला बर्फावरच्या स्केटिंगसाठी जो उलट्या जहाजासारखा हॉल बांधला होता त्यात, आणि हजारो पोरं आपापला पीसी, मॉनिटर, उशी घेऊन येतात. आमच्या गावची त्यामानाने छोटी, शाळेच्या जिममध्ये, दीडशे-दोनशे जण. सगळं काम लोक फुकट वाटून घेतात, त्याला इथे दुगनाद म्हणतात, आपल्याकडे गणपतीच्या मांडवाला सगळी गल्ली लागते तसं. मला हे फार आवडतं, पन्नाशीचा बाप आणि चौदा वर्षांची पोरगी शेजारी बसून केबल ओढतात. खायला लोम्पे, म्हणजे बटाट्याची मऊ पोळी, त्यात ते सॉसेज गुंडाळतात आणि मी आईने पाठवलेला ठेचा.

मी पहिल्यांदा गेलो त्याच्या आदल्या वर्षी कोणीतरी एका केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खोचली होती आणि अख्खा हॉल बसला. लूप झाला की ब्रॉडकास्ट गोल गोल फिरत वाढतच राहतो, त्यात बाकी काहीच चालत नाही. म्हणून नंतर त्यांनी प्रत्येक रांगेला वेगळं सबनेट दिलं, पत्त्याची सुरुवात १०.२०.१ ती पहिली रांग, १०.२०.२ दुसरी, आणि सर्व्हर सगळे १०.२०.१०० मध्ये. गोंधळ झालाच तर एका रांगेत राहतो. उत्तम निर्णय, पण त्यामुळे सगळ्या रांगांची लिस्ट रिकामी. गेम सर्व्हरचं काम माझ्याकडे.

मी रांगेतल्या पोरांना सांगितलं, कन्सोल, म्हणजे गेममधली कमांड लिहायची खिडकी, उघडा आणि कनेक्ट लिहून पत्ता टाका, १०.२०.१००.१०, पोर्ट, म्हणजे त्या पत्त्यावरचा दार क्रमांक, २७०१५. सर्व्हरपर्यंत पोचले, पण त्याने बाहेर काढलं. मेसेज आला की लॅन सर्व्हर फक्त लोकल क्लायंटसाठी आहे, क्लास सी. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये एसव्ही लॅन १ असेल तर तो येणाऱ्याच्या पत्त्याचे पहिले तीन आकडे बघतो, स्वतःच्या आकड्यांशी जुळले नाही तर आत घेत नाही. ते ० केलं. मग नवीन मेसेज, नो स्टीम लॉगऑन. स्टीम म्हणजे ज्या ऑनलाइन सेवेवरून हा गेम चालतो ती. कारण ० केलं की सर्व्हर प्रत्येक खेळाडूची ओळख स्टीमकडे तपासतो आणि आम्ही सर्व्हरच्या सबनेटला बाहेरचं इंटरनेट दिलंच नव्हतं. ते उघडलं, आणि तिसऱ्या रांगेतून पहिला पोरगा आत आला तेव्हा मी खरंच टाळी वाजवली.

राउटरला सांगून एखाद्या पोर्टची हाळी पलीकडे पोचवता येते, हेल्पर अॅड्रेस नावाची सेटिंग लावून, ज्या पद्धतीने डीएचसीपी, म्हणजे मशीनला आपोआप पत्ता वाटणारी सोय, दुसऱ्या सबनेटमधून चालतं तसंच. पण दर गेमचा पोर्ट वेगळा, माइनक्राफ्ट तर ब्रॉडकास्ट नाही मल्टिकास्ट, म्हणजे ठरावीक गटालाच दिलेली हाळी, वापरतो, किती ठिकाणी ठिगळं लावणार. त्यापेक्षा मी प्रत्येक रांगेच्या टोकाला कागद चिकटवला, गेमचं नाव आणि पत्ता, मोठ्या अक्षरात. एकदा पत्ता फेव्हरिट्समध्ये टाकला की पुढच्या वेळी तिथूनच दिसतो, कारण तिथे गेम हाळी देत नाही, सरळ त्या पत्त्याला विचारतो.

तर आता मामाच्या बंगल्याकडे. मी विचारलं, वर नेट कुठून येतं? म्हणे वर वेगळा राउटर, खालच्या राउटरमधून केबल नेऊन वॅन पोर्टात, म्हणजे बाहेरच्या नेटसाठीच्या खाचेत, लावलीये. झालं, दोन वाडे. खाली १९२.१६८.०, वर १९२.१६८.१. म्हटलं, वरच्यांनी पत्ता टाका, १९२.१६८.०.५. टाकला आणि लगेच आत! एसव्ही लॅन १ असूनही, क्लास सी ची कुरकुर नाही. मी मिनिटभर विचारात पडलो, मग कळलं, वरचा राउटर नॅट करतो, आतल्यांचे पत्ते झाकून स्वतःचा पत्ता लावतो, म्हणजे वरची सगळी सहा पोरं खालच्या सर्व्हरला त्या राउटरच्या एकाच पत्त्यावरून येताना दिसतात आणि तो पत्ता १९२.१६८.० मधलाच. सर्व्हर वर असता तर खालचे कोणीच असे सहज आत जाऊ शकले नसते, नॅटमधून आतून बाहेर जाता येतं, बाहेरून आत नाही, राउटरमध्ये मुद्दाम वाट करून दिल्याशिवाय.

पोरांना लिस्टच हवी होती. मग पक्का उपाय सांगितला. वरच्या राउटरचा डीएचसीपी बंद कर, त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.०.२ कर म्हणजे खालच्याशी भांडण नको, आणि केबल वॅन पोर्टातून काढून साध्या लॅन पोर्टात लाव. आता तो राउटर नुसता स्विच झाला, दोन वाड्यांमधली भिंतच गेली. चौदा मशीनला तेवढं पुरतं, दीडशेला मी असं कधीच करणार नाही.

फोन स्पीकरवर होता. जिन्यावरून धावत गेल्याचा आवाज आला, मग थोडा वेळ काहीच नाही, मग वरून कोणीतरी ओरडलं, "दिसला रे, दिसला!" आणि खालून उत्तर, "ये मग डस्ट टूला!" (हा गेममधला एक नकाशा). मामी आता पोरांसाठी पोहे टाकत होती, फोडणीचा चरचर आवाज इथपर्यंत ऐकू येत होता. माझ्या कुकरच्या तोपर्यंत पाच शिट्ट्या झालेल्या. मामेभाऊ म्हणाला, "दादा, पुढच्या दिवाळीला तू इकडेच ये, आम्ही मागच्या गल्लीतली पोरं पण घेतोय, तीस जण होतील."

तीस म्हटल्यावर मी सोळा पोर्टचे दोन स्विच बघून ठेवलेत.