न नेलेलं मशीन आणि जप्त केलेला अ‍ॅडव्हान्स

पावतीच्या तळाशी जांभळ्या शाईचा शिक्का होता: 'माल ३० दिवसांत न नेल्यास अ‍ॅडव्हान्स जप्त.' मी वकिली करते आणि आठवड्यातून एकदा ग्राहक मार्गदर्शन केंद्रात बसते. असे शिक्के मारलेल्या पावत्या तिथे नेहमी येतात. न येणाऱ्या त्याहून कितीतरी जास्त असणार, कारण छापून दिलंय म्हणजे तोच कायदा, असं समजून माणसं गप्प बसतात. ही बाई गप्प बसली नव्हती.

तिने दुकानात शिलाई मशीन निवडून किमतीची जवळजवळ निम्मी रक्कम भरली होती. दुकानदाराने मशीनला तिच्या नावाची चिठ्ठी लावून ते मागच्या खोलीत ठेवलं. पुढे नवऱ्याचा पाय मोडला, साठवलेले पैसे दवाखान्यात गेले. चौथ्या महिन्यात बाकीची रक्कम जमवून ती गेली, तर मशीन विकलं गेलेलं. अ‍ॅडव्हान्सही मिळणार नाही, असं तिला सांगण्यात आलं.

"ताई, उशीर माझाच झाला. पण मशीनही गेलं आणि पैसेही गेले, असं कसं?" तिने विचारलं.

तिचा प्रश्न अचूक होता. तरी आधी मी तिला नावडती बाजू सांगितली. ठरल्या मुदतीत तिने माल नेला नाही, म्हणजे करार तिच्याकडून मोडला. त्यामुळे दुकानदाराचं खरोखर काही नुकसान झालं असेल, तर ते त्याला मिळायला हवं. ग्राहकाला फक्त गोड तेवढंच सांगायचं, हे मला पटत नाही.

तक्रारीचा मसुदा करून ठेवला. खरेदीची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, आणि २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथेही तक्रार करता येते. मुदत २ वर्षांची. याच कायद्यात, झालेल्या नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणाऱ्या कराराला 'अनुचित करार' म्हटलं आहे, पण त्या मुद्द्यावरची तक्रार जिल्ह्यात चालत नाही, राज्य आयोगाकडे न्यावी लागते. एका शिलाई मशीनसाठी एवढी धावपळ तिला कुठून झेपणार? म्हणून मसुद्यात पैसे अडवून ठेवल्याचा मुद्दाच पुढे ठेवला, आणि दाखल करण्याआधी दुकानदाराला केंद्रात बोलावलं.

तो आला, आणि पूर्ण तयारीनिशी आला. सोबत विक्रीचं रजिस्टर. आपली बाजू न्यायाची आहे याची त्याला खात्री होती. जागा अडली, भांडवल अडकलं, दोनदा फोन केले, हे त्याने नीट सांगितलं. यातलं काहीच खोटं नव्हतं. मी एकेक मुद्दा लिहून घेतला आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न ठेवला: यात तुमचे पैसे किती गेले?

"मॅडम, पैशाचा हिशोब कशाला? पावतीवर जप्त लिहिलंय ना!"

सगळं अडतं ते इथेच. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्याचं कलम ७४ असं की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी ती आपोआप पदरात पडत नाही. त्या रकमेच्या मर्यादेत, वाजवी वाटेल तेवढीच भरपाई मिळते. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या खटल्यात हे सांगितलं, आणि २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्सच्या निकालात आणखी स्पष्ट केलं की नुकसानच नसेल तर भरपाईही नाही. इसाराची गोष्ट थोडी वेगळी. सौदा पाळण्याची हमी म्हणून घेतलेली वाजवी रक्कम जप्त होऊ शकते. पण त्याच्याच पावतीवर 'किमतीपैकी जमा' असं लिहिलेलं होतं. निम्म्या किमतीला इसार म्हणणंही अवघडच.

मग मी विचारलं, "ते मशीन विकलंत कधी आणि कितीला?"

त्याने स्वतःच पान उलटलं. तारीख सापडली, त्यापुढे रक्कम. मधल्या काळात कंपनीने भाव वाढवले होते आणि तिच्यासाठी ठेवलेलं मशीन तिच्याशी ठरलेल्या किमतीपेक्षा जास्तीला गेलं होतं. तो त्या ओळीवर बोट ठेवून थांबला. लपवायचं असतं तर त्याने रजिस्टर आणलंच नसतं. तोटा झाला नव्हता, हे त्यालाही तेव्हाच कळलं.

मालविक्री कायदा १९३० चा. त्याचं कलम ५४ मला या सगळ्यात फार मोलाचं वाटतं, आणि ते फारसं कुणी सांगत नाही. पूर्ण पैसे न मिळालेला विक्रेता माल दुसऱ्याला विकू शकतो, पण नाशवंत माल सोडला तर आधी ग्राहकाला तशी सूचना द्यावी लागते. सूचना देऊन विकला आणि तोटा आला, तर तो ग्राहकाकडून मागता येतो. सूचना न देता विकला, तर नुकसानभरपाई मागता येत नाही, उलट फेरविक्रीत नफा झाला तर तो पहिल्या ग्राहकाचा.

"फोन केले होते की!"

"फोनवर विकणार असल्याचं सांगितलंत?"

"नाही. 'घेऊन जा' म्हणालो."

बाईनेही तेच सांगितलं. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "मग आम्ही कुणासाठी माल ठेवायचाच नाही का?" हा प्रश्न मनापासूनचा होता. ठेवायचा, आणि नुकसान झालं तर वसूलही करायचं. मापं घेऊन बनवलेलं कपाट किंवा नाव कोरलेली वस्तू दुसरं कुणी घेत नाही. अशा वेळी पूर्ण रक्कम परत मागायला आलेल्या ग्राहकांना मी स्पष्ट सांगितलंय की बरीचशी रक्कम सोडावी लागेल. कपाटाच्या उदाहरणाने त्याचा राग जरा निवळला.

अ‍ॅडव्हान्स त्याने पूर्ण परत केला, तिच्या खात्यात, तिथे बसल्या बसल्या. वरच्या नफ्यावरही तुझा हक्क आहे, हे मी तिला बाजूला घेऊन सांगितलं. ती म्हणाली, "नको ताई, इतके दिवस सांभाळलं त्यांनी." मी जोर केला नाही. हक्क तिचा, सोडायचा की नाही हेही तिनेच ठरवायचं. मात्र तो आहे हे माहीत असताना तिने सोडला, याचं मला बरं वाटलं.

जाताना दुकानदाराने विचारलं, शिक्का बदलून लिहू काय? कागद घेऊन बसलो. मुदत संपल्यावर लेखी कळवू, १५ दिवस वाट पाहून माल विकू, तोटा आला तर तेवढाच कापून बाकी रक्कम परत देऊ. त्याला दर आठवड्याचं ठेवणावळीचं भाडंही हवं होतं. माझी हरकत नव्हती, फक्त आकडा खऱ्या खर्चाला धरून असावा आणि पैसे घेण्याआधी गिऱ्हाईकाला वाचून दाखवावा. त्याने सुचवलेला पहिला आकडा मी खोडला. दुसऱ्यावर आमचं जमलं.